एरर तिनेच सांगून ठेवली होती

सकाळपासून साडी नेसून बसले होते, खडकवासल्याला कणीस खायला जायचं म्हणून. नातीची "आजी, दोन मिनिटं" चहाची वेळ झाली तरी संपेनात. आता तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

आमची मुक्ता बँकांच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारे प्रोग्राम लिहिते. काम आजच द्यायचं होतं आणि तिचं लिहिलेलं कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवणारा कंपायलर म्हणून जो कोणी आहे, तो एकच एरर दाखवत होता.

"अगं, त्याला हवंय तरी काय?"

"आजी, कॉम्प्युटरला हात मोजकेच. ते भरले की कंपायलर हातातलं काहीतरी ओट्यावर ठेवायला लावतो. गुप्त किल्ली तिथे राहिली तर कोणीही उचलेल. म्हणून मीच सांगून ठेवलंय, किल्ली खाली ठेवायची वेळ आली तर काम थांबव आणि ओरड."

"म्हणजे ही एरर तूच बसवलीस?"

"हो."

"मग तोंड का वाकडं? सांगितलेलं ऐकणारा या घरात तो एकटाच आहे."

हसत सुटली. मग म्हणाली, एका दमात फार कामं सांगितली त्याला. कामाचे तुकडे पाडले, हात मोकळे राहिले, एरर गेली. पोरगी स्वयंपाकघरापर्यंत नाचत आली.

आता धरणाकाठी बसून लिहिते आहे. कणीस बरं आहे, लिंबू कमी.

चूक झाकणाऱ्यापेक्षा वेळेवर ओरडणारा बरा. तुमच्या घरी असं कोण आहे? उत्तर आज्यांनीच द्यायचं. नातवंडांनी लाईक करून गप्प बसावं.