रोहायाच्या हातचे पंप

तिलगा केदाहच्या रबरमळ्यातून पेनांगला आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं, की कारखान्यात थंड हवा असते आणि साप नसतात. दोन्ही खरं निघालं. बायान लेपासच्या त्या कारखान्यात पेशंटच्या नसेत औषध मोजून सोडणारे पंप बनत. तिलगाच्या शेजारी रोहाया बसायची. रोहाया पंपाच्या पोटात रबराची कडी बसवायची, तिलगा वरून झाकण लावायची आणि पंप पट्ट्यावरून पुढे जायचा. पुढे कुठे, ते दोघींनी कधी पाहिलं नाही.

"नवरा विचारतो, दिवसभर काय करतेस," रोहाया सांगायची. "म्हटलं, भोकात कडी घालते. उद्याही तेच करणार आहे, परत विचारू नकोस."

नवरा म्हणजे शुकोर. तो कारखान्याची बस चालवायचा. बायकोसकट सगळ्यांना रोज फाटकाशी उतरवायचा, पण आत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

मग कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं. प्रत्येकीच्या टेबलावर स्क्रीन लागली. बसताना आपलं कार्ड टेकवायचं, प्रत्येक पंपाचा नंबर स्कॅन करायचा, मगच कामाला हात लावायचा. चुकीची कडी उचलली की स्क्रीन लाल व्हायची आणि पंप पुढे सरकायचाच नाही. बायका वैतागल्या.

"आता शिंकलं तरी ऑफिसात कळेल," रोहाया म्हणाली.

सॉफ्टवेअर बसवणारा वेई शिन तेव्हा नवाकोरा इंजिनिअर होता. मलय बायकांना सगळे म्हणत तसं तोही तिला 'काक', म्हणजे ताई, म्हणायचा. "काक, शिंका नाही मोजत ते," तो म्हणाला. "कुठला पंप कुणाच्या हातून गेला, तेवढं लक्षात ठेवतं."

"ठेवू दे बापडं. मला तर काल कायकाय केलं तेही आठवत नाही."

पुढे रोहायाच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सांभाळून ती कामावर येत राहिली, मग येईनाशी झाली आणि एका रमजानमध्ये गेली. तिलगाचे डोळेही बारीक कामाला साथ देईनात, म्हणून तिला तपासणीसाठी परत येणाऱ्या पंपांच्या टेबलावर बसवलं.

एका सकाळी सारावाकच्या डोंगरातल्या दवाखान्यातून एक जुना पंप आला. कोपरे घासून पांढरे पडलेले, मुठीला कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिलगाने नंबर स्कॅन केला आणि त्या पंपाची सगळी जन्मकथा स्क्रीनवर उलगडली. रबर कुठल्या खेपेचं, चाचणी कुठल्या यंत्रावर, आणि मध्येच एक ओळ: कडी बसवली, रोहाया बिन्ती इद्रुस. त्याखाली झाकण लावणारी, तिलगा.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

वेई शिन जवळून जाताना थांबला. "अक्का, काय झालं? नाव चुकीचं पडलंय का?"

"नाव बरोबर आहे."

त्याने वाकून वाचलं. मग खुर्ची ओढून तो तिच्याशेजारी बसला. "काकने बसवलेल्या कड्यांचे किती पंप अजून वापरात आहेत, बघायचं का?"

तिलगाला वाटलं, असतील दहा-वीस. स्क्रीनवर दवाखान्यांची नावं उतरू लागली. वेई शिन खाली-खाली जात राहिला, यादी काही संपेना. शेवटी त्याने नकाशा उघडला. पेनांगवर ठिपके, इपोहवर ठिपके, सबाच्या किनाऱ्यावर, समुद्रापलीकडे मनिलात, चेन्नईत, आणि तिलगाला नावंही वाचता येईनात अशा गावांत. एकेका ठिपक्याशी एक खाट, खाटेवर कुणाचं तरी माणूस, आणि त्याच्या नसेत थेंब-थेंब जाणारं औषध रोहायाच्या कडीतून सरकतंय. देवळात आरतीच्या वेळी गाभाऱ्याचा पडदा बाजूला होतो तेव्हा अंगावर येतो तसा काटा तिच्या अंगावर आला. नकळत तिने टेबलाखाली चपला काढल्या.

"हे शुकोरला दाखवायला पाहिजे," ती म्हणाली.

"बाहेर नेता येणार नाही, अक्का. नियम आहे."

"मग त्याला आत आण."

पाहुणे बाहेर उभे राहून आतलं काम बघतात त्या काचेपर्यंत यायची मॅनेजरबाईंनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी शिफ्ट उतरवून शुकोर आला, ठेवणीतला शर्ट घालून, केस ओले करून विंचरलेले. तिलगाने आतून स्क्रीन त्याच्याकडे वळवली. वेई शिन त्याच्याजवळ उभा राहिला.

शुकोर बराच वेळ ठिपके बघत होता. "हे सगळे तिचे?"

"सगळे, बांग शुकोर," वेई शिन म्हणाला. बांग म्हणजे दादा.

"मी समजत होतो, ती कडी घालते म्हणून."

"कडीच घालायची."

आत तिलगाने सारावाकचा पंप चाचणीच्या पाण्यावर लावला आणि सुरू केला. नळीच्या टोकाशी एक थेंब धरला, पडला, दुसरा धरला. शुकोरने तळहात काचेवर टेकला.

"आवाज नाही का करत?" त्याने विचारलं.

"नाही. शांत असतो. काही बिघडलं तरच ओरडतो."

"मग तिच्यासारखा नाही," शुकोर म्हणाला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने बाहीने डोळे पुसले. तिलगा काचेआड होती, तिला शब्द ऐकू आले नाहीत; तरी तीही रडू लागली.

पंप धडधाकट होता. कडी तेवढी बदलून, मूठ नवी लावून तो सारावाकला परत पाठवला. जुनी कडी टाकून द्यायचा नियम होता आणि तिलगाने ती टाकली.

त्या संध्याकाळी बस उशिरा सुटली. चढणाऱ्या प्रत्येकीला शुकोर ठिपक्यांचं सांगत होता, आणि मागच्या बायका खाली खोळंबून उभ्या होत्या. कुणी कुरकुर केली नाही.