टेबलावर राहिलेली पुस्तकं

कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंना मुलं मागून ‘आवरा बाई’ म्हणत. टेबलावर पुस्तक राहिलेलं दिसलं की बाईंचे हात शिवशिवायचे. वाचणारा दारापर्यंत पोहोचायच्या आत पुस्तक कपाटात. घरीही तेच. एकटीच्या घरात पसारा करणार कोण? म्हणून धुतलेला कप पुन्हा धुवायच्या. जित्याची खोड, दुसरं काय!

त्या खोडीनंच घात केला. संदर्भ विभागातली जाडजूड पुस्तकं घरी नेता येत नसत, तिथंच बसून वाचायची. ती कुणी वाचली का, हे कळायची वाट एकच: टेबलावर राहिलेलं पुस्तक यंत्राखाली धरायचं, टिंग वाजून नोंद झाली की मग कपाटात. बाईंना तेवढा धीर कुठला! परिणामी संगणकाच्या लेखी त्या पुस्तकांना वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. प्राचार्यांनी आकडे पाहिले आणि ठरवून टाकलं, पुस्तकं गोदामात आणि त्यांच्या जागी सोफे, चार्जिंगची सोय, गटानं बसायला खोल्या.

बाईंचं धाबं दणाणलं. माणसं जोडणं त्यांना कधी जमलंच नाही. आपलं म्हणावं असं जे होतं, ते त्या कपाटांत होतं. नाक मुठीत धरून त्या प्राचार्यांकडे गेल्या.

“चूक माझी आहे, सर. मुलं वाचतात, मीच नोंद करत नव्हते.”

“मग मॅडम, महिनाभर आवरू नका. रोज संध्याकाळी नोंद करा. ज्या कपाटातली पुस्तकं वापरात निघतील, ते हलवणार नाही. शब्द देतो.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्यांनी बहिणीला फोन लावला. “ताई, राहतील गं माझी पुस्तकं.”

“बरं झालं बाई. नातू उठलाय, उद्या बोलते हं,” ताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी काही फोन आला नाही.

महिना सुरू झाला. मुलं यायची, लॅपटॉप उघडायची, निघून जायची. सकाळी टेबलं जशी, तशीच संध्याकाळी. स्वच्छ टेबलांभोवती बाई पुन्हा पुन्हा फेरी मारायच्या. मग आपण शेवटचं पुस्तक उचलून ठेवलं ते कधी? त्यांना काही केल्या आठवेना.

एक मुलगी मात्र रोज तीन-चार जाड कोश टेबलावर सोडून जायची. बाई हरखल्या. निदान एक कपाट तरी राहणार! हिचा विषय कोणता, म्हणून एकदा कौतुकानं मागून डोकावल्या. कोशांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवला होता. खाली वाकून तिची मान दुखायची.

नियमानं तीही नोंद चालली असती. टिंग वाजवलं असतं तर कोण विचारायला येणार होतं? बाईंनी यंत्र उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत ठेवलं. असला वाचक त्यांना नको होता.

“न्या सर,” त्या प्राचार्यांना म्हणाल्या. “कुणी वाचत नाही.”

सोफे आले. बाईंना कोपऱ्यात टेबल मिळालं, वर पाटी: ‘काहीही विचारा’. विचारणार कोण? सगळी उत्तरं मुलांच्या खिशात. दिवसचे दिवस बाईंच्या तोंडून शब्द फुटत नसे.

एके दुपारी तीच मुलगी समोर आली. “मॅडम, ती जाड पुस्तकं कुठं गेली हो?”

बाईंनी तिला बसवलं आणि सांगायला लागल्या. कुठल्या खंडात काय होतं, झाडापानांची चित्रं कशी हातानं रंगवलेली होती, कुठलं पान चिकटवून जोडलेलं होतं. मुलगी हसली, मान डोलावत राहिली. मग तिनं हळूच कानात इअरफोन घातले.

बाईंना ते दिसलं. त्या थांबल्या नाहीत, आवाज तेवढा लहान केला.