गोठलेल्या तळ्यावरचा फोन

समोरचा माणूस फोनवर घाईघाईने बोलू लागला की सर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “थांबा. आधी इंजिनाला बोलू द्या.”

असं नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारं कुणीतरी तुम्हीही पाहिलं असेल. आमचे सर मात्र विषुववृत्ताजवळच्या आमच्या शहरात, हार्बरफ्रंटच्या अकराव्या मजल्यावरच्या हेल्पलाइनवर बसून, हजारो मैलांवर अडलेल्या स्नोमोबिल तपासायचे. स्नोमोबिल म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली, बर्फावर धावणारी स्कूटर. “बेल्ट घसरतोय,” “पेट्रोलात पाणी उतरलंय,” असं ते ऐकूनच सांगायचे.

“सर, तुम्ही बर्फ पाहिलाय?” मी एकदा विचारलं.

“पाहिलाय की. हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपरीवर, उसाच्या रसात.”

मी तिथे इंटर्न होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुकायची इतकी भीती की प्रत्येक वाक्य कागदावर लिहून मगच बोलायचे. सर म्हणायचे, “अगं, बोल. कागद संपेल.”

त्या दुपारी एका बाईंचा फोन आला. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध त्या होत्या, मागे बसलेले म्हातारे वडील. किनारा चार किलोमीटर दूर, वादळ जवळ आलेलं. आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला होता. बाहेर उणे वीस. एवढ्या थंडीत इंजिन तापेल कसं? सेन्सरच बिघडला असणार. मी कागदावर न लिहिता, पहिल्यांदाच आत्मविश्वासाने सांगितलं, “दिव्याकडे लक्ष देऊ नका. चालवत राहा.”

दोनच मिनिटांत इंजिनाचा आवाज जड झाला. शेजारच्या टेबलावर सर लाइन ऐकत होते. ते ताडकन उठले. “बंद करायला सांग. आत्ता!”

मी सांगितलं आणि हेडसेट काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो परत माझ्याकडे ढकलला. “त्यांना आता तुझा आवाज ओळखीचा झालाय. तूच बोल. विचार, पट्ट्याखाली काय आहे?”

काचेसारखा टणक बर्फ, बाई म्हणाल्या. वरचा भुसभुशीत थर वाऱ्याने उडून गेला होता.

“तेच,” सर हळू म्हणाले. “पट्टा भुसभुशीत बर्फ उडवतो, त्यानेच सीटखालचा रेडिएटर गार होतो. उडवायला काही नसेल, तर उणे वीस काय नि उणे चाळीस काय.”

मी बाईंना म्हटलं, “माझं चुकलं. तो दिवा खरा होता.” मग सर सांगत गेले तसं मी सांगत गेले. जवळपास कुठे भुसभुशीत बर्फ साचला असेल तो हातांनी सीटखाली भरा. स्कीजवळ वर अडकवलेले स्प्रिंगचे हूक खाली सोडा, ते टणक बर्फ खरवडून वर उडवतील. दहा मिनिटं थांबा.

कानात नुसता वारा होता, आणि म्हाताऱ्याचा खोकला.

“सुरू होईल ना?” बाईंनी विचारलं. मी सरांकडे पाहिलं. ते डोळे मिटून लाइनवरचा वारा ऐकत होते.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “पण मी लाइनवर आहे.”

तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं. हळूहळू चालवा, मी सांगत राहिले. अर्ध्या तासाने फोनमधून कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. घर आलं होतं. सरांचा शर्ट एसीतही पाठीला चिकटला होता.

पुढे त्यांच्या वर्क पासचं, म्हणजे तिथे काम करायच्या परवान्याचं, नूतनीकरण झालं नाही. पुंगोल उपनगरातला फ्लॅट रिकामा करून ते भारतात परतायला निघाले. शेवटच्या दिवशी आम्ही खालच्या फूड कोर्टात जेवलो. मी धीर करून विचारलं, “सर, त्या दिवशी तुम्ही मला रागावला का नाहीत?”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “पहिल्या वर्षी मीही एकाला तेच सांगितलं होतं. चालवत राहा. इंजिन जाम झालं, तो पायी निघाला. वाचला. पण पायाची दोन बोटं गेली.”

“मग त्या बाईंचा फोन चालू होता तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तेव्हा सांगितलं असतं, तर तुझ्या आवाजात त्या बाईला ती बोटं ऐकू आली असती.”

ते उठले. स्वतःच्या ट्रेबरोबर माझाही ट्रे त्यांनी उचलला, वापरलेल्या ट्रेंच्या मांडणीवर ठेवला, तिथूनच हात केला आणि एमआरटी मेट्रोच्या जिन्याने खाली गेले.