मायचा निळा सीन

मायला ऐकू कमी येतं. कमी म्हणजे, पाठीशी ट्रॅक्टर येऊन उभा राहिला तरी तिला पत्ता नसतो. आणि तिला जयंतीच्या नाटकात काम करायचं होतं! जन्मभर खाली बसून बघितलं, आता एकदा वर उभी राहीन म्हणे. कमिटीतले एक काका तिच्या तोंडावरच बोलले, "पडद्यामागून सांगतलेलं हिले आयकू येत नाही. मधात अडकली तं समदं नाटक बसते. दुसरी बाई पाहा." मायनं ओठांवरून सगळं ओळखलं. घरी आली, भाकर तशीच झाकून ठेवली. माझं डोकंच फिरलं.

मी लग्नकार्यात लाईट लावते. काकांना जाऊन सांगितलं, "तिले मी उजेडातून सांगीन. अडकली तं मले बोला." बोलून तर बसले, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही.

मायचे भाग तीनच. तांबडा उजेड पडला की ती उन्हात राबणारी आई. निळा पडला की रात्री पोरीला शाळेत धाडायचं ठरवणारी. पांढरा पडला की शिकून आलेल्या पोरीला दारात घेणारी. स्वयंपाक करतानासुद्धा ती पुटपुटायची, "तांबडा, निळा, पांढरा."

आसेगावहून लाईटचं सामान आलं ते जयंतीच्या दुपारी. संध्याकाळी मिरवणूक, मग भाषणं, त्यामुळे सीन भरायचे ते आत्ताच. कंट्रोलर टेबलावर मांडला. प्रोग्रामचं बटन दाबून धरायचं, स्लायडर वर-खाली करून रंग जमवायचा आणि तो सीन एका बटनात साठवायचा. तांबडा झटक्यात जमला. निळा काही केल्या दिसेना. वर मांडवाचं निळं कापड, बाहेर रखरखीत ऊन, स्टेजवर आधीच सगळं निळं निळं! माय स्टेजवरून हात हलवत होती, "दिसून नाही राह्यला वं!" मग मी त्यात पांढरा मिसळत गेले. आणखी थोडा, आणखी थोडा. शेवटी ती म्हणाली, "हां, आता दिसला." केला सेव्ह. तिथंच घात झाला, पण मला काय ठाऊक?

अंधार पडल्यावर नाटक सुरू झालं. तांबड्यात माय अशी बोलली की पुढच्या बाया डोळे पुसायला लागल्या. मी दुसरं बटन दाबलं. स्टेजवर पांढरट उजेड पसरला, उन्हात मिसळलेला सगळा पांढरा आता वर आलेला. निळ्याचं नावही नाही.

माय गप्प झाली.

पडद्यामागून तिला वाक्य सांगत होते, ते मला इथवर ऐकू येत होतं. तिला कुठून येणार? मांडवात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलं. काका तरातरा माझ्याकडे आले, "काय म्हणलं व्हतं म्या!" त्यांच्याकडे बघायला सवड कुणाला होती! सीन बंद केला, तर स्टेजवर मिट्ट काळोख. लोकांनी शिट्ट्या मारल्या. देवाशपथ, पळून जावंसं वाटलं. तरी कंट्रोलरवर स्टेजचे लाईट निवडले, सगळे स्लायडर खाली ओढले आणि निळा तेवढा हळूहळू वर चढवला.

माय जागची हलली नव्हती. पदर नीट करून, पाय रोवून, सरळ माझ्या टेबलाकडे बघत उभी होती. निळा अंगावर पडला तशी बोलायला लागली. एक शब्द चुकला नाही. शेवटी टाळ्या पडल्या त्या तिला दिसल्या.

घरी जाताना मी तिच्या समोर उभी राहून, ओठ नीट हलवत विचारलं, "घाबरली नाही काय वं माय? एवढे लोक हसून राह्यले व्हते."

"हसले?" ती म्हणाली. "मले कायले भेव? निळा आला नव्हता, म्हणून थांबली. तू बसली व्हती ना तथं."