तारेवरची मोकळी जागा

मुरबे गावाहून निरोप आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. "हरेश्वरदादा गेला," गेटवरच्या माणसानं एवढंच सांगितलं. मला रडू आलं नाही. आधी एक साहेब आठवला... दादा गेला आणि तो धडधाकट आहे, याचाच संताप आला. दीड महिना झाला, तो संताप उतरलेला नाही.

बोईसरच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात दादा स्टोअरकीपर होता. सातवी शिकलेला, मासेमाराच्या घरातला. मी उमरोळीची, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. तो मला "बीएस्सी" अशीच हाक मारायचा. प्लँटचे हेच साहेब चिठ्ठीवर पिंपाचा नंबर लिहून पाठवत, दादा त्या नंबरचं पिंप देई आणि चिठ्ठी तारेला टोचून ठेवी. एकदा ४७१८ च्या जागी चिठ्ठीवर ४१७८ आलं. भलतंच पिंप गेलं, रिअ‍ॅक्टर उतू गेला आणि भास्कर ऑपरेटरचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीच्या दिवशी पाहिलं तर तारेवरून तीच चिठ्ठी गायब! साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मी बरोबर लिहिलं होतं. यांना कोळंबी मोजता येते, नंबर वाचता येत नाही." दादाला मेमो मिळाला. भास्कर त्याच्याशी बोलेनासा झाला, ते त्याला मेमोपेक्षा लागलं.

"सायबाला त्याच्याच अक्षरात पकडनार," दादा म्हणाला. मी ऐटीत उपाय सुचवला: चारही आकड्यांची बेरीज करायची आणि तिचा शेवटचा आकडा नंबरापुढे पाचवा म्हणून लावायचा. त्यानं दोन्ही नंबरांची बेरीज केली. दोन्ही वीस! "तुला पास कोनी केला गो, बीएस्सी?" मग म्हणाला, "होडीच्या कप्तानाला, तांडेलाला पुडं बसवला नि खलाशाला सुकानावर, तर मानसं तेवडीच. पन होडी नीट जाईल का? जागेला भाव दे." मी दिला. पहिल्या आकड्याला पाचनं गुणायचं, पुढच्यांना चार, तीन, दोननं. बेरजेला अकरानं भागून उरेल ती बाकी पाचवा आकडा. बाकी दहा उरली तर तो नंबर पिंपाला द्यायचाच नाही. ४७१८ ची बाकी एक, ४१७८ ची सहा. दादानं होडीवर नाव रंगवावं तसे एकेका पिंपावर पाच आकडे रंगवले. तेच नंबर साहेबांच्या यादीतही गेले.

महिन्याभरात चिठ्ठी आली, दोन आकडे उलटे. पिंप अडलं. साहेब तणतणत आले, मागून मॅनेजर. "पिंप का देत नाहीस?"

"मी कुटं अडवतोय, सायब? तुमचाच पाचवा आकडा नाय म्हनतोय."

दादानं मॅनेजरांसमोर खडूनं गुणाकार मांडला. साहेबांचं तेव्हाचं तोंड आठवलं की मला अजून गोड वाटतं. अशी प्रत्येक चुकलेली चिठ्ठी दादा खाली बरोबर नंबर लिहून, त्यांची सही घेऊन वेगळ्या तारेला टोची. त्याच्या निवृत्तीपर्यंत अकरा झाल्या. जुन्या चिठ्ठीची कबुली मात्र साहेबांनी कधीच दिली नाही.

बाराव्याला ते आले. "फार हुशार माणूस," म्हणत हळहळले. दादानं घरी आणून ठेवलेली ती तार मी खुंटीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. शेजारी भास्कर होता. त्यानं भाजलेल्या हातानं एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. "सगले आकडे उलटेच," तो म्हणाला, "आनि अक्षर एकाच मानसाचा." मग दादाच्या फोटोकडे बघत राहिला... साहेब पाणी अर्धं टाकून उठले.

आता कंपनीत कॉम्प्युटर आहे, चुकीचा नंबर तो घेतच नाही. तार माझ्या टेबलापाशी टांगली आहे. अकरा चिठ्ठ्या वर सरकवून मी खालचं टोक मोकळं ठेवलंय. साहेब, बारावी, ती ४१७८ ची, तुमच्याकडे आहे. आणून द्या.