रंगवलेली दुकानं

माझा काका बोर्ड रंगवणारा पेंटर. मॉल नवा होता तेव्हा त्यातल्या जवळजवळ सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा. त्याच भरात काकूने राहतं घर विकून अनामत भरली आणि वरच्या मजल्यावर लोकरीचं दुकान थाटलं. त्या गाळ्याच्या दारात डावीकडे अर्धा खांब घुसलेला, म्हणून तो कुणी घेत नव्हतं. आमच्या घरच्यांना नेमकं असलंच काहीतरी सापडतं.

सुरुवातीला सरकत्या जिन्यावर चढायला झुंबड उडायची. मग चपलांचं दुकान उठलं. पाठोपाठ खेळण्यांचं, घड्याळांचं. मॅनेजरने काकाला बोलावलं. रिकामे गाळे प्लायवूडने झाकायचे आणि त्यावर चालू दुकान रंगवायचं.

काकाने जीव ओतला. काचेत दिवे, फळ्यांवर बूट, गल्ल्याशी हसणारा माणूस. लोक त्या दारांना हात लावायचे आणि ओशाळून मागे फिरायचे. मला त्या मजल्यावर जायची भीती वाटू लागली. जिकडे बघावं तिकडे कुणीतरी हसत बसलेलं, आणि आवाज फक्त जिन्याचा.

"ती सोंगं काढा हो तिथून," काकू म्हणायची. "आलेलं गिऱ्हाईक बिचकतं."

"वेडी आहेस का? मजला भरलेला दिसतोय म्हणून तर तुझं दुकान तग धरून आहे!"

त्याला मनापासून तसं वाटायचं, याचाच मला राग येतो. बघता बघता त्या मजल्यावर खरं दुकान काकूचं एकटीचं उरलं.

परवा सुताराने नवा प्लायवूड काकाच्या खोलीत आणून भिंतीला टेकवला. मी चहा गाळत होते. प्लायवूडच्या डाव्या कडेला उभी खाच कापलेली होती. काकाने तिच्यावरून हात फिरवला. दारात खांब असलेला गाळा एकच होता.

त्याने मॅनेजरला फोन लावला.

"वरचा मजला बंद करतोय," पलीकडून ऐकू आलं. "पण खालून दिसतो ना, म्हणून झाकायचा. वहिनींना तुम्हीच सांगा. घरचं माणूस बरं."

संध्याकाळी काकू आली. तिने प्लायवूड पाहिला, खाच पाहिली. तिने पिशवी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "गल्ल्याशी मला काढू नका."