काखेतला घोडा

सन दोन हजार बारा. मला एकाहत्तरावं लागलं होतं.

मी चौथी नापास, पण ट्रकवर घोडे काढण्यात हयात गेली. अपंग मुलांच्या एका संस्थेने माझा घोडा पिशव्यांवर छापायला मागितला. विक्रीचा पैसा मुलांना जाणार होता, म्हणून एक रुपया न घेता मी परवानगीच्या कागदावर सही केली.

समारंभाला गेलो, तर एक बाई पिशवी खांद्याला अडकवून फोटोसाठी उभी. घोड्याचं तोंड तिच्या काखेत. आमच्या धंद्यात चित्राखाली पेंटरचं नाव आणि गाव येतं. पिशवीवर त्या जागी कुणा शेटजीचं नाव छापलेलं.

हे नाव कसं, असं विचारलं तर संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "काका, छपाईचा खर्च त्यांनी दिला ना!"

"मग घोडाही त्यांच्याकडूनच काढून घ्यायचा होता. आणि मुलं कुठायत?"

"त्यांना कशाला दगदग?"

मला हसू येत होतं आणि थुंकावंसंही वाटत होतं. या लोकांना दया करायला आवडते, पण ज्यांच्यावर करायची ती माणसं समोर नकोत. देवाला दाराबाहेर ठेवायचं आणि नैवेद्यासोबत स्वतःचा फोटो काढायचा, तसलं हे दान. ज्यांच्यासाठी घोडा दिला, त्यांनी तो पाहिलासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे घेऊन मी थेट त्या मुलांच्या वसतिगृहात गेलो आणि घोडा कुठल्या रंगाचा हवा ते त्यांनाच विचारलं. आयुष्यात एकाही ट्रकमालकाला मी रंग सांगू दिला नव्हता. पोरं हिरवा म्हणाली. मी भिंतभर हिरवा घोडा काढला.